ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस: आधी दोन बाटल्या, सुरी सगळ्यात शेवटी

इडिओपॅथिक (कारण न सापडलेला) ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणजे स्तनातल्या दूध तयार करणाऱ्या लोब्यूल्सना येणारी जुनाट, ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचे छोटे गोळे, धरणारी सूज. केसलर आणि वोलॉक यांनी १९७२ मध्ये तिचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हाच ती कॅन्सरसारखी भासते हे नोंदवलं होतं. आजही घोटाळा तिथेच होतो. एका टोकाला कॅन्सर समजून मोठं ऑपरेशन होतं आणि दुसऱ्या टोकाला साधं गळू समजून चिरा दिला जातो. चिरा भरत नाही, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या चिऱ्यानंतर कोणीतरी म्हणतं, ‘टीबी असेल’, आणि पुरावा नसताना सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. हे सगळं टाळण्यासाठी आजार ओळखायचा कसा, त्याला नाव देण्याआधी काय काय वगळायचं आणि मग औषध कशाच्या आधारावर द्यायचं, ते इथे मांडलं आहे. मजकूर मुख्यतः उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. पेशंटने तो वाचून प्रश्न जरूर विचारावेत, पण यातला कुठलाही डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

शंका कधी घ्यायची

साधारण चित्र असं: वय विशीच्या मध्यापासून पंचेचाळीसच्या आतबाहेर, मूल झालेलं, शेवटचं बाळंतपण किंवा अंगावर पाजणं गेल्या पाचेक वर्षांतलं. एकाच स्तनात टणक, दुखरी गाठ. काही आठवड्यांत वरची त्वचा लाल होते, आत एक किंवा अनेक गळवं धरतात, त्यातलं एखादं फुटतं आणि तिथे पू वाहणारं छिद्र, म्हणजे सायनस, तयार होतं. स्तनाग्र आत ओढलं जाऊ शकतं, काखेत गाठी लागू शकतात. ताप बहुधा नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. मामुली अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही गाठ हलत नसेल, तर ती ‘हट्टी गळू’ आहे असं स्वतःला समजावू नका.

पेशंटला पाय दाखवायला सांगा. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या असतील (एरिथेमा नोडोसम) किंवा घोटे सुजले असतील, तर ते याच आजाराचं अंग असू शकतं. स्तनाचं दुखणं सर्जनकडे आणि घोट्याचं अस्थिरोगतज्ज्ञाकडे, अशी विभागणी झाली की हा धागा दोघांच्याही हातून सुटतो.

इतिहासात नेमकं विचारायचं ते असं: शेवटचं बाळंतपण कधी, अजून पाजते का, दिवस गेले आहेत का, पाळी नियमित आहे का, रिस्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइडसारखी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढवणारी औषधं चालू आहेत का, स्तनात कधी सिलिकॉन किंवा इतर काही टोचून घेतलं का, घरात टीबी होता का, धूम्रपान आहे का. शेवटचा प्रश्न उगाच नाही. धूम्रपान करणाऱ्यांत स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाखाली नलिकांभोवती सूज येते आणि तीही पुन्हा पुन्हा गळवं धरते. पण तो आजार वेगळा, उपचारही वेगळे.

सोनोग्राफी आणि तिची मर्यादा

पहिली तपासणी सोनोग्राफी. कडा अनियमित असलेली गडद गाठ दिसते आणि तिच्यातून बोटांसारखे किंवा नळ्यांसारखे फाटे आजूबाजूच्या पेशीजालात शिरलेले दिसतात. फाट्यांच्या टोकाला पुवाचे छोटे साठे असतात, वरची त्वचा जाड आणि चरबी सुजलेली असते. हे फाटे बघायला प्रोब सावकाश फिरवावा लागतो. दोन आडव्या-उभ्या मापांत आटोपलेल्या तपासणीत एका मोठ्या साठ्याच्या जागी पाच वेगळी गळवं लिहून येतात आणि सर्जन पाच चिरे मारायला बसतो.

वयानुसार मॅमोग्राफी करा, पण तिच्यात बहुधा नुसती अस्पष्ट दाटी दिसते, क्वचित काहीच दिसत नाही. एमआरआयने व्याप्ती कळते, निदान होत नाही. कुठल्याही चित्रावरून ‘हा कॅन्सर नाही’ असं म्हणता येत नाही, त्यामुळे प्रतिमा कितीही ठरावीक दिसली तरी तुकडा घ्यावाच लागतो.

एक गोष्ट वेगळी काढून बघा. लाली आणि सूज स्तनाच्या एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भागावर असेल, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल आणि हे सगळं काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत झालं असेल, तर दाहक स्तनकर्करोग आधी डोक्यात यायला हवा. अशा वेळी जाड सुईच्या कोअर बायोप्सीबरोबर त्वचेचा छोटा गोल तुकडा, म्हणजे पंच बायोप्सीही घ्या.

तुकडा: सगळं यावर उभं आहे

एफएनएसीवर, म्हणजे बारीक सुईने ओढलेल्या पेशींच्या तपासणीवर, थांबू नका. सुईच्या पेशींत एपिथेलॉइड हिस्टिओसाइट आणि जायंट सेल (ग्रॅन्युलोमातल्या दाहपेशी) दिसले तरी तेवढ्याने हे टीबीचे की आणखी कशाचे ते कळत नाही, आणि लोब्यूलभोवतीची रचना तर दिसतच नाही. गाठ काढून बायोप्सी करणं हे दुसरं टोक. भडकलेल्या ऊतीत केलेली जखम भरत नाही.

सोनोग्राफीखाली १४ गेजच्या सुईने कोअर बायोप्सी करा. किमान सहा तुकडे. नेम गाठीच्या घट्ट भागात आणि कडेला धरा, पुवाच्या पोकळीत नाही. पोकळीतून फक्त मृत पेशी आणि न्यूट्रोफिल येतात आणि रिपोर्ट ‘तीव्र दाह’ एवढाच मिळतो. सुई सायनसच्या तोंडातून घालू नका. त्वचेवरचे जंतू तुकड्याबरोबर आत जातात आणि कल्चरचा अर्थच लागत नाही.

आता बाटल्या. प्रक्रियेआधीच ट्रॉलीवर दोन बाटल्या नाव लिहून तयार ठेवा. पहिलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन: चार तुकडे हिस्टोपॅथॉलॉजीला. दुसरी निर्जंतुक, तिच्यात एक-दोन मिली नॉर्मल सलाइन: दोन किंवा तीन तुकडे मायक्रोबायोलॉजीला. सगळ्यात जास्त होणारी आणि दुरुस्त न होणारी चूक म्हणजे सगळेच तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर कायमचं हातातून जातं. सहायकाच्या हातात एकच बाटली असली की हात आपोआप तिच्याकडे वळतो. म्हणून दोन्ही बाटल्या समोर आल्याशिवाय सुई उचलू नका. पू मिळाला तर तो स्वॅबवर न घेता सिरिंजमध्येच, हवा काढून आणि टोपी लावून पाठवा.

मायक्रोबायोलॉजीच्या फॉर्मवर नुसतं ‘सी/एस’ (कल्चर आणि संवेदनशीलता) लिहू नका. पूर्ण यादी लिहा: ग्राम स्टेन, बॅक्टेरियल कल्चर किमान सात दिवस ठेवावे, कोरिनेबॅक्टेरियम शोधावा, टीबीसाठी एएफबी स्मिअर, जीनएक्सपर्ट आणि एमजीआयटी कल्चर, बुरशीसाठी फंगल कल्चर चार आठवडे. सात दिवसांचा आग्रह यासाठी की कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेडटी हा जंतू मेदप्रिय आहे. साध्या माध्यमावर तो अगदी बारीक आणि उशिरा वाढतो, ट्वीन ८० घातलेल्या माध्यमावर बरा वाढतो. ४८ तासांत प्लेट टाकून दिली की ‘वाढ नाही’. वाढला तरी ‘डिफ्थेरॉइड, त्वचेवरचे असावेत’ म्हणून त्याची बोळवण होते. प्रयोगशाळेला फोन करून गाठीचा संदर्भ सांगितला तर तोच जंतू पूर्ण नावानिशी कळवला जातो. दोन मिनिटांचा फोन आहे.

पॅथॉलॉजिस्टकडून काय हवं? लोब्यूलला धरून असलेले, केझिएशन (टीबीत दिसणारी पनीरसारखी मृत ऊती) नसलेले ग्रॅन्युलोमा: एपिथेलॉइड हिस्टिओसाइट, लँगहान्स जायंट सेल, भोवती लिंफोसाइट आणि प्लाझ्मा सेल, मध्ये न्यूट्रोफिलची छोटी गळवं. काही स्लाइडवर ग्रॅन्युलोमाच्या मधोमध रिकामी, गोल पोकळी दिसते. तिथे होती चरबी, प्रक्रियेत ती विरघळून गेली. पोकळीच्या कडेने न्यूट्रोफिलची माळ असते आणि ग्राम स्टेन केला तर त्या रिकाम्या जागेत चार-दोन ग्राम पॉझिटिव्ह दांड्या सापडतात. हा सिस्टिक न्यूट्रोफिलिक प्रकार, आणि तो कोरिनेबॅक्टेरियमशी जोडलेला आहे. दांड्या इतक्या तुरळक असतात की मुद्दाम पोकळ्यांत शोधल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून झील-नील्सन (टीबीसाठी) आणि पीएएस किंवा जीएमएस (बुरशीसाठी) या स्टेनबरोबर ग्राम स्टेनही तुकड्याच्या मेणाच्या ब्लॉकवर लेखी मागा.

इडिओपॅथिक म्हणण्याआधी

टीबी वगळणं हे सगळ्यात अवघड काम. स्तनाच्या टीबीत जंतू थोडे असतात, त्यामुळे स्मिअर आणि जीनएक्सपर्ट निगेटिव्ह येणं म्हणजे टीबी नाही असं नव्हे. केझिएशन नसणं हाही पुरावा नाही. उलट बाजूने, माँटू (त्वचेची) किंवा आयजीआरए (रक्ताची) टीबी चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे स्तनात टीबी आहे असंही नव्हे. शरीराने तो जंतू कधीतरी पाहिला आहे एवढंच त्यातून कळतं. निर्णय सगळं एकत्र मांडून करायचा: छातीचा एक्स-रे, काखेतल्या गाठींचं रूप, घरातला टीबी, वजन घटणं, रात्रीचा घाम, स्लाइड आणि कल्चर. एमजीआयटीचा अंतिम निकाल ४२ दिवसांनी येतो. पेशंट स्थिर असेल तर तोवर वेदनाशामक आणि निचरा यांवर निभावता येतं. शंका खरोखर मोठी असेल तर तोवर स्टिरॉइड सुरू करू नका.

बाकी यादी पटकन उरकते. सीबीसी, सीआरपी, एचबीए१सी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, प्रेग्नन्सी टेस्ट. एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी) आणि सारकॉइड या दुसऱ्या ग्रॅन्युलोमाच्या आजारासाठीच्या तपासण्या फुप्फुस, नाक, मूत्रपिंड किंवा डोळ्यांची लक्षणं असतील तरच करा. सीरम एसीई या सारकॉइडच्या रक्तचाचणीवर तर कुठलाच निर्णय टेकवू नका.

प्रोलॅक्टिन मात्र सगळ्यांचं पाहा, आणि रक्त नीट घ्या. झोपेतून उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसवून, स्तनाची तपासणी किंवा बायोप्सी करण्याआधी. बायोप्सीनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात आकडा उगाच वाढतो. गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईत तो वाढलेला असणारच. लक्षणं नसताना आकडा जास्त आला तर मॅक्रोप्रोलॅक्टिन (आकडा वाढवणारा, पण फारसा परिणाम न करणारा प्रोलॅक्टिनचा मोठा रेणू) तपासून घ्या.

उपचार: किती आणि कशाने

हा आजार पुष्कळदा आपोआप शमतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्ष. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पेशंट महिन्याभरात दुसरीकडे जाते आणि तिथे चिरा मिळतो.

छोटी गाठ, पू नाही, दुखणं आटोक्यात: आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ जेवणानंतर, दिवसातून तीनदा, गरजेपुरतं. जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर हे टाळा. दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी. तीच दिशा, तीच मापं, आणि सायनस किती ते मोजून. वेदना शून्य ते दहा अशी लिहून ठेवा आणि संमती घेऊन फोटो काढा. ‘बरं वाटतंय’ या शब्दांवर डोस बदलायचा नसतो.

पू असेल तर सोनोग्राफीखाली १८ गेजच्या सुईने ओढून काढा. घट्ट असेल तर जाड सुई घ्या, सलाइनने धुऊन पुन्हा ओढा आणि तीन ते पाच दिवसांनी परत बघा. दोन-तीन वेळा करावं लागलं तर ते अपयश नव्हे. वरची त्वचा कागदासारखी पातळ होऊन फुटायच्या बेतात असेल तरच पाच मिलिमीटरचा छेद द्या आणि आत गॉज कोंबू नका. वाहत्या सायनसवर न चिकटणारं ड्रेसिंग, वर शोषून घेणारं पॅड, आणि ते जागेवर धरायला मऊ ब्रा. लाल त्वचेवर चिकटपट्टी लावली की ती काढताना नवी जखम होते. पू दाबून काढायला घरी कोणालाही सांगू नका.

कोरिनेबॅक्टेरियम सापडला किंवा स्लाइडवर तो पोकळ्यांचा प्रकार दिसला तर अँटिबायोटिकला जागा आहे, पण औषध चरबीत शिरणारं हवं. जंतू चरबीच्या पोकळीत बसलेला असतो. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन गटातली औषधं) पाण्यात विरघळणारी असल्याने तिथे कमी पोचतात, म्हणून ऑगमेंटिनचे तीन कोर्स वाया गेलेले दिसतात. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, संवेदनशीलता पाहून, कित्येक आठवडे. ते भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब, नाहीतर दोन्ही पोटात एकमेकांना बांधून टाकतात. गरोदरपणात ते देत नाहीत. रिफाम्पिसिनही चरबीत शिरतं, पण टीबी वगळला नसताना एकटं रिफाम्पिसिन देणं म्हणजे टीबी अर्धवट दडपणं आणि प्रतिकारक जंतू तयार करणं. शिवाय ते प्रेडनिसोलोनची आणि गर्भनिरोधक गोळ्यांची रक्तातली पातळी पाडतं.

आजार एकाच भागात असेल तर गाठीत स्टिरॉइड टोचणं हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग, कारण बाकी शरीराला फारशी झळ लागत नाही. आधी पू काढा. मग ट्रायअॅम्सिनोलोन ४० मिग्रॅ प्रति मिली, १ मिली, त्यात २ टक्के लिग्नोकेन १ ते २ मिली मिसळून, गाठीच्या घट्ट भागात तीन-चार ठिकाणी वाटून. दर तीन-चार आठवड्यांनी, तीन-चार वेळा. सुई त्वचेच्या फार जवळ राहिली तर वरची त्वचा पातळ आणि फिकी पडते. पाळी मागेपुढे होऊ शकते, मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. हे आधीच सांगून ठेवा.

पसरलेला आजार, अनेक सायनस, किंवा नडगीवरच्या गाठी आणि सांधेही धरलेले असतील तर तोंडाने प्रेडनिसोलोन: ०.५ मिग्रॅ प्रति किलो रोज, सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. ६० किलोच्या बाईचा आराखडा असा करता येतो: ३० मिग्रॅ चार आठवडे. प्रतिसाद स्पष्ट असेल तर दर दोन आठवड्यांनी ५ मिग्रॅ कमी करत १० पर्यंत. तिथून दर दोन आठवड्यांनी २.५ मिग्रॅ कमी. एकूण अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडं जास्त. आजार उलटतो तो बहुधा याच उताराच्या काळात, विशेषतः महिन्याभरात डोस शून्यावर आणला तर. उलटला तर ज्या डोसवर शांत होता तिथे परत जा, आणि दुसऱ्यांदा उलटला तर स्टिरॉइडच वाढवत बसू नका.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, हिपॅटायटिस बी आणि सुप्त टीबी पाहिलेले असावेत. स्ट्राँगिलॉइड्स कृमी आढळतात अशा भागात राहिलेल्या पेशंटमध्ये त्यांची तपासणी किंवा आयव्हरमेक्टिन आधी, कारण स्टिरॉइडखाली हे कृमी अंगभर पसरू शकतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत. गोळी अचानक बंद करायची नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे यायचं.

स्टिरॉइड कमी होत नसेल तर मेथोट्रेक्झेट, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. आठवड्यातून एकदा १० मिग्रॅ, झेपलं तर १५ पर्यंत, आणि वेगळ्या दिवशी फॉलिक अॅसिड ५ मिग्रॅ. असर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर स्टिरॉइड हळूहळू उतरवत राहा. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच पुरत नाही. वार लिहा: ‘फक्त रविवारी’. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. सीबीसी, यकृत आणि क्रिएटिनिन आधी दर दोन ते चार आठवड्यांनी, स्थिर झाल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी. मेथोट्रेक्झेटवर असताना कोट्रायमॉक्झाझोल हे अँटिबायोटिक देऊ नका. कोरिनेबॅक्टेरियम त्या औषधालाही संवेदनशील निघू शकतो, त्यामुळे मोह होतो, पण दोन्ही मिळून अस्थिमज्जा दबते. गरोदरपणात आणि पाजत असताना मेथोट्रेक्झेट पूर्ण बंद. खात्रीचं गर्भनिरोधन हवं, आणि मूल हवं असेल तर तीन महिने आधी थांबवा.

प्रोलॅक्टिन खरंच वाढलेलं असेल तर कारण शोधा आणि ते कमी करणारं कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन जोडा, नाहीतर बाकी उपचार गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होतात. त्यामागे रिस्पेरिडोन असेल तर ते मनोविकारतज्ज्ञांशी बोलून बदलायचं, परस्पर बंद करायचं नाही. दुसऱ्या स्तनावर बाळ पीत असेल तर या गोळ्यांनी दूध आटतं, हे देण्याआधी सांगा.

शस्त्रक्रिया करायची ती औषधं नीट, पुरेसा काळ देऊनही आजार हटत नसेल तेव्हा, आणि शक्यतो सूज शांत झाल्यावर. रोगट भाग निरोगी कडेसह पूर्ण काढावा लागतो. अर्धवट काढलं तर जखमेतूनच नवा सायनस उघडतो.

गाठ गेल्यावर, आणि न गेल्यावर

सहा ते आठ आठवडे योग्य उपचार होऊनही माप जराही कमी नसेल, किंवा रिपोर्ट आणि डोळ्यांना दिसणारं चित्र जुळत नसेल, तर डोस वाढवण्याआधी पुन्हा बायोप्सी करा. दाहाच्या आड कॅन्सर किंवा लिंफोमा लपलेला असू शकतो.

गाठ विरल्यावरही सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी. जुन्या जागी थोडी दाटी आणि ओढलेली त्वचा राहते, ती मापासह नोंदवून ठेवा म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याला ती नवी वाटणार नाही. पुढचं मूल होण्यात या आजाराने अडचण येत नाही. औषधांचं वेळापत्रक मात्र आधी बसवावं लागतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसऱ्या स्तनात गाठ आली, तर जुन्या रिपोर्टच्या भरवशावर लगेच स्टिरॉइड सुरू करू नका. त्या बाजूचेही तुकडे घ्या आणि सलाइनची बाटली विसरू नका.